रोज पावती फाडतात, तरी हातगाडी उचलतात कशी?

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ सात वर्षं एकाच चौकात फळांची हातगाडी लावतो, पालिकेचा माणूस रोज येऊन पावती फाडतो, तरी गेल्या आठवड्यात अतिक्रमणची गाडी आली आणि हातगाडी, काटा, माल सगळं घेऊन गेली. मग त्या पावतीला अर्थ काय?

पावती म्हणजे परवाना नाही. त्या दिवशी जागा वापरल्याचे पैसे भरले, एवढंच ती सांगते. माझी आई बावीस वर्षं भाजीची पथारी लावत होती, आमच्याही घरात हाच गैरसमज होता. पण म्हणून पावत्या फेकू नका. भाऊ त्या जागी किती वर्षं बसतोय याचा दुसरा पुरावा बहुधा तुमच्याकडे नसणार. आईच्या पावत्या सुट्ट्या पैशांच्या डब्यात, हळद लागलेल्या, चार घड्या पडलेल्या. विक्रेत्यांची नोंद करणाऱ्या सर्वेक्षणाला पालिकेची माणसं आली तेव्हा आई माल आणायला मार्केटात गेली होती आणि यादीत तिचं नावच नाही. पुढे त्याच चुरगळलेल्या कागदांवर अर्ज उभा राहिला.

कायदा आहे 2014 चा, पथविक्रेता कायदा. त्यानुसार पालिकेने दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करायचं, त्यात सापडलेल्यांना विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचं. प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे. सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही, असंही कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही पाहिलंच.

आता जप्तीबद्दल, कारण तुमचं घोडं तिथे अडलंय. उठवायचं असेल तर आधी 30 दिवसांची नोटीस लागते, प्रमाणपत्र नसलेल्यालाही. ती मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दिवसाला 250 रुपयांपर्यंत दंड, आणि मग गरज वाटल्यास माल जप्त. जप्त केलेल्या मालाची यादी करून तिची सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. आमच्या वेळी मी यादी मागितली, तर त्या गृहस्थांनी ट्रकच्या फाळक्यावर कागद ठेवून लिहिलं: ‘भाजी, 1 नग’. तीन क्रेट टोमॅटो, मेथीच्या पन्नासएक जुड्या, वजनकाटा आणि ताडपत्री मिळून एक नग! मी तिथेच हट्ट धरून दुसरा कागद लिहून घेतला. तो नसता तर काटा कधीच परत आला नसता, हे मी खात्रीने सांगतो.

फळं-भाजीसारखा नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच सोडायचा असतो, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. ही मुदत मागणी केल्यापासून मोजतात, उचलल्यापासून नाही. लोक इथेच फसतात. ‘साहेब सोमवारी या म्हणाले’ म्हणून घरी बसतात आणि कागदोपत्री मागणी झालेलीच नसते. आमची मेथी गोदामात एका रात्रीत काळी पडली, कारण मीही पहिल्या दिवशी नुसता तोंडी बोलून आलो होतो.

प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना हमी द्यावी लागते: धंदा स्वतः किंवा घरच्यांनी करायचा, उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र किंवा जागा कुणाला भाड्याने देणार नाही. भावाने गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला दिली असेल तर ते आधी मिटवा. विक्रेता वारला किंवा कायमचा अंथरुणाला खिळला तर प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंत जोडीदार किंवा त्याच्यावर अवलंबून असलेलं मूल त्याच जागी बसू शकतं.

पथविक्रीचे प्रश्न बघायला याच कायद्याने नेमलेल्या नगर पथविक्रेता समितीत कोण आहे तेही विचारून घ्या. अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी असतात, पण किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असायला हवेत, आणि त्यात एकतृतीयांश बायका. आमचं काम अशाच एका सदस्य मावशींनी केलं. त्या स्वतः बांगड्या विकतात आणि कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना तोंडपाठ आहे.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. चौक रेल्वेच्या हद्दीत असेल तर हा कायदा तिथे लागूच होत नाही. मुंबईत असाल तर उच्च न्यायालयाने 2017 साली स्थानकापासून आणि पालिकेच्या मंडईपासून 150 मीटर, शाळा, रुग्णालय आणि देवळा-मशिदींपासून 100 मीटरच्या आत बसायला मनाई केली होती, तेव्हा अंतर आधी मोजून बघा. तसं असेल तर त्याच जागेसाठी भांडण्यापेक्षा समितीकडे दुसरी जागा मागणं शहाणपणाचं.

हातगाडी अजून गोदामात असेल तर आज दुपारच्या आत लेखी मागणी अर्ज द्या. दोन प्रती करा, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.