सिंगापूरचा मर्लायन एका संध्याकाळीत होईल?

प्रश्न: सासूबाईंना घेऊन सिंगापूरला चाललोय, एकच संध्याकाळ मोकळी आहे. मर्लायनच्या पुतळ्याला तिकीट असतं का? सेंतोसा बेटावरचा मोठा मर्लायनपण बघू म्हणतो. – एक वाचक, म्हापसा

उत्तर: आरामात होईल हो. तिकीटबिकीट काही नाही, रॅफल्स प्लेस एमआरटीला, म्हणजे मेट्रो स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. सेंतोसातल्याचं मात्र विसरा, तो २०१९ला बंद करून पाडला. हा नदीकाठचा मर्लायन ८.६ मीटरचा, तोंड सिंहाचं धड माशाचं, १९७२ पासूनचा, पण आधी जरा पलीकडे नदीच्या मुखाशी होता, मग १९९७ला एस्प्लनेड पूल झाला आणि खाडीतून नीट दिसेनासाच झाला म्हणून २००२मध्ये उचलून इकडे आणला. पाठीमागे एक छोटं पिल्लूपण आहे बरं का, पण सगळे मोठ्याच्या तोंडातली पाण्याची धार आपल्या तोंडात पडतेय असा फोटो काढण्यात गुंग, त्याच्याकडे कोण बघतो! समोर एस्प्लनेड थिएटर, तिकडचे त्याला ड्युरियन म्हणतात, तिकडचं काटेरी फळ, सासूबाईंना फणसच दिसणार. सूर्यास्त सातच्या आसपास, तेव्हा साडेसहाला पोचा, उजेडातले फोटोपण होतील आणि मरीना बेचे दिवेपण. ताकद असेल तर १८६९चा कॅव्हेना पूल जवळच आहे, नसेल तर काठावर बसून राहा. छत्री घ्या, पाऊस तिथे कधीही येतो.