कार्बोरेटरमधला 'कार्ब' कुठून आला, आणि चोक 'देतात' म्हणजे नक्की काय देतात?

प्रश्न असा आलाय: "कार्बोरेटर हा शब्द कारवरून आलाय का कार्बनवरून? कार्बनवरून असेल तर कार्बन म्हणजे इंजिनात साचणारी काजळी, मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला काजळीचं नाव कशाला? कार्बोरेटर बरोबर का कार्ब्युरेटर? याला मराठी शब्द आहे का? आणि चोक देणे म्हणजे काय देणे?"

एका दमात पाच प्रश्न विचारलेत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार.

कारशी संबंध शून्य. तो निव्वळ योगायोग. हा शब्द मुळात मोटारगाडीपेक्षा जुना आहे, म्हणजे गाडीला कार म्हणायला लागायच्या आधीपासून कार्ब्युरेटर नावाची वस्तू अस्तित्वात होती आणि ती इंजिनाला नाही तर दिव्याच्या गॅसला जोडलेली असायची. लॅटिनमध्ये कार्बो म्हणजे कोळसा, त्यावरून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कार्बन हे नाव पाडलं, लाव्हाझिए आणि मंडळींनी 1787 साली रसायनांच्या नावांची नवी पद्धत छापली त्यातलं ते. (याच कार्बोपासून कार्बंकल हा शब्द निघाला, अर्थ छोटा निखारा, आणि आपण त्या फोडाला काळपुळी म्हणतो. दोन भाषांनी स्वतंत्रपणे कोळशाचाच रंग पकडला, मला हे फार आवडतं.)

आता 'कार्ब्युरेट' मधल्या 'युरेट' चं काय? जुन्या रसायनशास्त्रात दोन मूलद्रव्यांच्या संयुगाला हे शेपूट लावायचे. आज ज्याला सल्फाइड म्हणतो ते तेव्हा सल्फ्युरेट होतं, आणि आजचं कार्बाइड ते तेव्हाचं कार्ब्युरेट. पुढे 'आइड' ची फॅशन आली आणि 'युरेट' वाले शब्द पुस्तकांतून हद्दपार झाले, पण एक क्रियापद मागे राहिलं, कार्ब्युरेट करणं, म्हणजे एखाद्या वायूत कार्बनयुक्त वाफ भरणं. आणि ते करणारं यंत्र तो कार्ब्युरेटर.

आता इथे काजळीवाल्या शंकेचं उत्तर येतं आणि ते गंमतशीर आहे. एकोणिसाव्या शतकात दिवे गॅसवर जळायचे. ज्योत पिवळी, उजेड देणारी दिसते ती कशामुळे, तर ज्योतीत काजळीचे अतिसूक्ष्म कण तापून लाल-पिवळे चमकतात म्हणून. तापलेल्या कोळशावरून पाण्याची वाफ नेली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण मिळतं, त्याला वॉटर गॅस म्हणायचे, तो जळतो छान पण ज्योत निळसर आणि उजेड जवळजवळ नाहीच. मग त्यात तेलाची वाफ मिसळायचे, म्हणजे ज्योतीत कार्बन येईल, काजळीचे कण चमकतील आणि उजेड पडेल. या गॅसचं नावच 'कार्ब्युरेटेड वॉटर गॅस'. म्हणजे नावात काजळी आहे ती चुकून आलेली नाही, त्या काळी काजळीच हवी होती! इंजिनात तीच नकोशी झाली, पण तोवर नाव चिकटलं होतं.

इंजिनात हा शब्द शिरला तो असा. सुरुवातीची इंजिनं, 1860 च्या सुमाराचं एतिएन लेन्वार यांचं, 1876 चं निकोलाउस ऑटो यांचं, दिव्याच्याच गॅसवर चालायची. गॅस पाइपातून यायचा, त्यामुळे इंजिन एका जागी खिळलेलं. ते चालतंफिरतं करायचं तर द्रव इंधन पाहिजे, आणि द्रव इंधनापासून आयत्या वेळी गॅससारखं काहीतरी बनवायला पाहिजे. उपाय सोपा होता, भांड्यातल्या पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा न्यायची, हवा वाफ उचलून घेते आणि झाली 'कार्ब्युरेटेड हवा'. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत असाच पृष्ठभागवाला कार्बोरेटर होता. 1888 मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ त्या गाडीची पुढची आवृत्ती घेऊन लांबच्या प्रवासाला निघाल्या तेव्हा इंधनाची नळी तुंबली आणि त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, म्हणजे 'पेट्रोलमध्ये कचरा आलाय' ही तक्रार गाडीइतकीच जुनी.

मग 1893 साली खेळ बदलला. हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने आणि जर्मनीत मायबाखने, दोघांनी त्याच वर्षी, वाफ करत बसण्यापेक्षा बारीक भोकातून इंधन हवेच्या झोतात फवारण्याची युक्ती काढली. तेव्हापासून कार्बोरेटर जुन्या अर्थाने 'कार्ब्युरेट' करत नाहीच, तो फवारतो. पेट्रोल थेंबथेंब होऊन हवेबरोबर निघतं, त्यातलं थोडं तिथल्या तिथे आणि बाकीचं पुढच्या वाटेत वाफ होतं. वाफ होताना उष्णता खेचली जाते, त्यामुळे कार्बोरेटर चांगलाच थंड पडतो, इतका की विमानांच्या पिस्टन इंजिनांत दमट हवा असेल तर बाहेर उबदार दिवस असूनही आत बर्फ धरू शकतो आणि त्यासाठी वेगळी गरम हवा सोडायची सोय ठेवावी लागते.

या बदलाची नोंद कुठल्या भाषेने घेतली ते बघण्यासारखं आहे. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन सगळ्यांनी कार्ब- वालाच शब्द ठेवला. जर्मन म्हणतात 'फेरगाझर', म्हणजे वायू करणारा, ऐकायला झकास पण खरं बघितलं तर 1893 च्या आधीच्या यंत्राचं वर्णन. हंगेरियनमध्ये मात्र शब्द आहे 'पोरलास्तो', त्यातला 'पोर' म्हणजे धूळ, भुकटी, सबंध अर्थ होतो द्रवाची धूळ करणारा. शोधात स्वतःचा वाटा असलेल्या लोकांनी शब्दही नेमका केला, माझ्या मते सगळ्यात अचूक नाव हेच.

आता चोक. मी स्वतः बरीच वर्षं समजत होतो की चोक म्हणजे जास्तीचं पेट्रोल सोडणारा नळ. 'चोक दे' म्हणतात, तर काहीतरी देतच असणार ना! पण चोक म्हणजे गळा दाबणं, श्वास कोंडणं. कार्बोरेटरच्या तोंडाशी एक पाकळी असते, ती फिरवून हवेची वाट अडवायची, म्हणजे देणं नाहीच, हवा तोडणं आहे. हवा तोडली की इंजिन ओढतंच राहतं आणि ती सगळी ओढ जेटवर, म्हणजे पेट्रोल जिथून निघतं त्या बारीक भोकावर येते, पेट्रोल जास्त निघतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं भिंतींवर चिकटून बसतं, म्हणून सुरुवातीला प्रमाण वाढवावं लागतं. जुन्या ब्रिटिश वापरात या पाकळीला सरळ 'स्ट्रँग्लर' म्हणायचे, गळा आवळणारा!

आणि गळा इथे संपत नाही. कार्बोरेटरच्या मधोमध नळी अरुंद होते, तो व्हेंच्युरी, इटालियन शास्त्रज्ञ व्हेंतुरींच्या नावाने. त्यांनी कार्बोरेटर कधी पाहिला नाही, त्यांचे प्रयोग पाण्याच्या प्रवाहावर होते, 1797 साली छापलेले. या अरुंद भागाला इंग्रजीत म्हणतात थ्रोट, घसा. घशातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, आणि तिकडे फ्लोट चेंबरमधल्या (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवायची छोटी वाटी) पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, म्हणून पेट्रोल जेटमधून वर ढकललं जातं. आपण 'खेचतं' म्हणतो, खरं तर ढकललं जातं. घशाच्या पुढे असतो थ्रॉटल, म्हणजे रेस दिली की उघडणारी झडप, आणि थ्रॉटल हा शब्द थ्रोटवरूनच आलेला, अर्थ पुन्हा तोच, गळा आवळणं. जर्मनमध्ये थ्रॉटलच्या झडपेच्या नावात जो 'ड्रोसेल' आहे तोही जुना घशाचाच शब्द. म्हणजे एका वितीच्या यंत्रात एक घसा आणि तो दाबायला अलीकडून एक हात, पलीकडून एक हात. आणि मराठीत मात्र आपण एक 'देतो' (चोक) आणि दुसरा पण 'देतो' (रेस), आपली भाषा जास्त दिलदार म्हणायची.

गोंधळ पुढेच आहे. इंग्रजीत चोक हे नाव त्या अरुंद घशालाही आहे, म्हणून 'ट्विन चोक' कार्बोरेटर म्हणजे दोन घशांचा, दोन चोक ओढायचा नाही. तिसरं म्हणजे बऱ्याच मोटरसायकलींच्या कार्बोरेटरमध्ये चोकचा दांडा ओढला की हवा अडत नाहीच, एक छोटं प्लंजर (दट्ट्या) उचललं जातं आणि जास्तीच्या पेट्रोलची वेगळी वाट उघडते. काम उघडण्याचं, नाव गळा दाबण्याचं. तिथे मात्र 'चोक देणे' हा मराठी प्रयोग मूळ इंग्रजी शब्दापेक्षा बरोबर ठरतो, हा आपला फुकटचा विजय.

भाषांतर करणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. इंग्रजी माहितीपुस्तकात 'चोक बंद करा' या अर्थाचं वाक्य आलं तर त्याचा अर्थ पाकळी बंद करा, म्हणजे चोक लावा. मराठी माणूस 'चोक बंद कर' म्हणतो तेव्हा त्याला चोक काढ असं म्हणायचं असतं, म्हणजे पाकळी उघड. शब्दशः भाषांतर केलं की अर्थ बरोब्बर उलटा. चोक लावा आणि चोक काढा असंच लिहावं.

आणि माझं सगळ्यात लाडकं. तुंबलेल्या कुठल्याही नळीला आपण 'चोकअप' म्हणतो, तसंच 'जेट चोक झालंय' म्हणतात. जेट म्हणजे पितळी तुकडा, त्यात अगदी मोजून पाडलेलं भोक, मूळ फ्रेंच क्रियापद 'फेकणे' या अर्थाचं, जेट विमानातला जेट तोच. भोक किती बारीक, तर काही जेटांवर 120 असा आकडा असतो, म्हणजे व्यास 1.20 मिलिमीटर (सगळ्यांची आकड्यांची पद्धत हीच नाही, काहींचा आकडा मिनिटाला किती इंधन वाहतं ते सांगतो), म्हणून तार घालून खरवडू नये, भोक मोठं झालं की मापच गेलं. तर जेट चोक झालं की पेट्रोल कमी पडतं, आणि चोक दिला की पेट्रोल वाढतं. एकच शब्द, परिणाम उलटसुलट, आणि त्यामुळे हे वाक्य तंतोतंत खरं आहे: जेट चोक झालं की गाडी चोकवरच चालते. मेकॅनिक हे अगदी सहज बोलून जातो आणि ऐकणाऱ्याला काहीही खटकत नाही, संदर्भ काय काम करतो बघा.

मराठी प्रतिशब्दाबद्दल मी फार उत्साही नाही. मिश्रक म्हणता येईल, इंधनमिश्रक म्हणता येईल, पण मिसळणं हे अर्धंच काम, खरी कामगिरी मापाची आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 1 भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा लागते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला जवळपास 9 हजार लिटर हवा, आणि जोर हवा असेल तर पेट्रोल याहून थोडं जास्त, आणि हे सगळं इंजिन हळू चालत असताना, जोरात चालत असताना, अचानक रेस दिल्यावर सांभाळायचं, तेही विजेशिवाय, नुसत्या भोकांच्या मापावर. म्हणून तर हळू चालण्यासाठी वेगळं पायलट जेट, वेगासाठी मेन जेट. हे सगळं एका मराठी शब्दात बसवणार कसं? शब्द बनवायचेच असतील तर मिश्रणाच्या प्रकारांसाठी बनवा. पेट्रोल जास्त असेल तर 'रिच', कमी असेल तर 'लीन' म्हणतात, आणि मराठीत लीन म्हणजे नम्र, तल्लीन. 'इंजिन लीन झालंय' वाचलं की मला ते हात जोडून उभं असलेलं दिसतं. लीनला विरळ म्हणावं, ते चपखल बसतं. रिचला समृद्ध म्हणतात ते पुस्तकी वाटतं, मी आपला 'पेट्रोल जास्त होतंय' एवढंच म्हणतो.

राहिलं शुद्धलेखन. मूळ उच्चाराला जवळचं कार्ब्युरेटर, बोलण्यात रुळलेलं कार्बोरेटर. 'बो' बहुतेक कार्बोहायड्रेट, कार्बोलिक वगैरेंच्या सोबतीने आला असावा, जीभ ओळखीच्या वाटेने जाते. दोन्ही चालवावेत, इंग्रजीत तरी कुठे एकमत आहे, अमेरिकेत एक 'टी', ब्रिटनमध्ये दोन, त्यातही शेवट कोणी 'ओआर' करतं कोणी 'ईआर'. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या कार्बोरेटरवर 'अमल' लिहिलेलं असतं, ते वाचून कुणाला आपलाच शब्द वाटेल, पण ते 'अमॅल्गमेटेड कार्ब्युरेटर्स' चं लघुरूप.

लिंग पुल्लिंग, 'कार्बोरेटर साफ केला'. याला नियम विचारू नका, मोटर ती, ट्रॅक्टर तो, थिएटर ते, आणि शेवटी तिघांच्याही टरच आहे. आणि 'कार्ब' हे लघुरूप वापरताना जरा जपून, कारण 'इंजिन डिकार्ब करायचंय' म्हणजे कार्बोरेटर काढायचाय असं नाही, तिथे खरोखरच काजळी खरवडायची असते.