बेन अल्डर : कोणत्या वाटेने?

प्रश्न : जूनमध्ये मुलाकडे एडिनबर्गला जाणार आहे. डॅलविनी स्टेशनवरून स्कॉटलंडमधला बेन अल्डर डोंगर (1148 मीटर) एका दिवसात होईल का? पावागड पायऱ्यांनी नेहमी चढतो. – एक वाचक, बडोदे

उत्तर : एका दिवसात नको. जाऊन-येऊन 40 किलोमीटरच्या वर चाल आहे. डोंगरातल्या चालीला लागणारा वेळ काढायचा नेस्मिथचा हिशेब लावा : 5 किलोमीटरला एक तास, शिवाय 600 मीटर चढाला एक तास. म्हणजे विश्रांती न धरताच नऊ तासांहून जास्त. एरिख्ट तळ्याकाठचा कच्चा रस्ता सायकलने जाण्याजोगा आहे. पहिल्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला, कल्रा या जागेजवळ तंबू ठोका. तिथली झोपडी ॲस्बेस्टॉसमुळे बंद आहे, तिच्या भरवशावर जाऊ नका.

लाँग लेखस या धारेवर हात लावून चढायचा कातळ आहे. कोरड्या दिवशी तो सोपा; ओला झाला की बूट घसरतात आणि मागे उतरणे चढण्यापेक्षा अवघड. पायऱ्यांच्या सवयीचा इथे उपयोग नाही. तुम्ही ब्यालख ब्रेबॅग खिंडीतून चढा आणि त्याच वाटेने उतरा.

खरा धोका माथ्यावर आहे. ते विस्तीर्ण पठार आहे आणि पूर्वेला कडे. धुक्यात सगळीकडे सारखेच दिसते, म्हणून होकायंत्राची दिशा खिंडीतच नकाशावरून काढून ठेवा. फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते. कड्याच्या काठावर जूनपर्यंत बर्फ टिकलेला असू शकतो, त्यावर पाय देऊ नका. पावसानंतर ओढे फुगतात. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर परत फिरा.