वाळूतला सुरुंग सोनारला का सापडत नाही?

प्रश्न : सोनारवर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून परतलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र काढणाऱ्या यंत्रावर, मासळीचा थवा दिसतो, बुडालेली बोट दिसते. मग किनाऱ्याजवळचे सागरी सुरुंग शोधणं इतकं अवघड का?

उत्तर : आकारामुळे. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या ‘प्रिन्सटन’ या युद्धनौकेला जायबंदी करणारा इटालियन ‘मांटा’ सुरुंग फायबरग्लासचा, बुटका, जेमतेम अर्धा मीटर उंच. त्याच्या उतरत्या बाजूंवरून बराच ध्वनी सोनारकडे न परतता भलतीकडे जातो. म्हणून चित्र वाचणारा वस्तूआधी तिची सावली, म्हणजे तिच्यामागे ध्वनी न पोचलेली काळी जागा, शोधतो.

सावलीवरून उंचीही निघते. सोनार तळापासून ८ मीटरवर, सावली २.५ मीटर लांब आणि तिचं टोक आडव्या अंतराने ४० मीटरवर असेल, तर २.५ गुणिले ८ भागिले ४०, म्हणजे अर्धा मीटर. हिशोब सोपा, तो बिघडवतात लाटा. बोटीमागे केबलने ओढलेला साइडस्कॅन (दोन्ही बाजूंचा तळ टिपणारा सोनार) हेलकावला की सावली वेडीवाकडी उमटते. सोनार फार उंच ठेवला तर सावल्या आखडतात, म्हणून उंची एका बाजूच्या पल्ल्याच्या १० ते २० टक्के ठेवतात. सोनारच्या थेट खालची पट्टी नीट येत नाही. ती शेजारच्या फेरीत झाकून घ्यायची.

प्रश्न : आणि सुरुंग वाळूत गाडला गेला असेल तर?

उत्तर : मग साइडस्कॅन जवळपास निरुपयोगी. ५०० किलोहर्ट्झ कंप्रतेला तरंगलांबी ३ मिलिमीटर, तपशील उत्तम, पण तो ध्वनी वाळूत शिरत नाही. १० किलोहर्ट्झच्या आसपास उतरावं लागतं; तिथे तरंगलांबी १५ सेंटिमीटर, चित्र धूसर. शिवाय ध्वनीचा वेग पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, वाळूत १७०० च्या घरात. त्यामुळे तळाशी साधारण २८ अंशांपेक्षा कमी कोन करून आलेला ध्वनी बहुतांशी वरच उसळतो. फ्लोरिडाच्या फोर्ट वॉल्टन बीचजवळ १९९९ मध्ये झालेल्या प्रयोगांत मात्र वाळूवरच्या लहरी त्यातला काही ध्वनी विखरून खाली ढकलतात, असं दिसलं. गंमत अशी की वादळाने लहरी बदलल्या की तीच जागा वेगळी दिसते!

कोकण किनाऱ्यालगतच्या चिखलात ध्वनीचा वेग पाण्याइतकाच किंवा किंचित कमी, म्हणून ही कोनाची अडचण जवळपास उरत नाही. पण पश्चिम किनाऱ्याच्या गाळात जागोजागी मिथेनचे बुडबुडे आहेत. ते तळाच्या अगदी जवळ असतील, तर त्यांच्याखालचं काहीच दिसत नाही.

प्रश्न : डॉल्फिन खरंच सुरुंग शोधतात?

उत्तर : हो. २००३ मध्ये इराकच्या उम्म कस्र बंदरात अमेरिकी नौदलाने ते वापरले. त्यांचा ‘क्लिक’ अनेक कंप्रतांचा असतो आणि ते वस्तूभोवती फिरून तिला निरनिराळ्या बाजूंनी ऐकतात. एकाच फेरीत सरळ रेषेत पुढे जाणाऱ्या सोनारला नेमकं हेच जमत नाही.