जुनं मॉड्यूल सोमवारी जमा करू नका

"गाडी तापली की तिसऱ्या गिअरमध्ये अडकते, बंद करून पुन्हा चालू केली की शहाण्यासारखी चालते." तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य चार वर्षांपूर्वी माझ्या तोंडी होतं. स्कॅनरवर (गाडीच्या कंप्युटरमधले कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०७०० आणि यू०१०१ हे दोन कोड, हेही तेच. "ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल गेलं, जुनं जमा करा आणि नवं घ्या" हे उत्तरसुद्धा शब्दशः तेच! (हे मॉड्यूल म्हणजे गिअर कधी आणि कसा बदलायचा ते ठरवणारा छोटा कंप्युटर.) तुम्ही शेवटी लिहिलंय की सोमवारी जुनं मॉड्यूल देऊन टाकताय. ती ओळ नसती तर मी वाचून पुढे गेलो असतो.

मी मेकॅनिक नाही, आधीच सांगतो. एकच ऑटोमॅटिक गाडी बरीच वर्षं चालवली आणि तिच्यापायी जे शिकावं लागलं तेवढंच मला येतं. माझ्या गाडीत मॉड्यूल गिअरबॉक्सच्या बाहेर, वेगळ्या डब्यात आहे. तुमचं गिअरबॉक्सच्या आत, व्हॉल्व्ह बॉडीवरच (तेलाचा दाब वाटणाऱ्या भागावरच) बसवलेलं असेल, तर खालचं निम्मं तुम्हाला लागू नाही. तिथे तेल काढून, चेंबर उघडूनच हात घालावा लागतो. फ्यूज, बॅटरीची टर्मिनलं, तेलाची पातळी हे तुम्ही पाहिलं असेल असं धरून चालतो.

आता ते दोन कोड. पी०७०० हा खरं तर बिघाडाचा कोडच नव्हे. तो इंजिनच्या कंप्युटरमध्ये बसतो आणि त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या मॉड्यूलने "माझ्याकडे काहीतरी गडबड आहे, दिवा लाव" असा निरोप पाठवला. म्हणजे निरोप पाठवण्याइतकं ते जिवंत होतं! खरी तक्रार त्या मॉड्यूलच्या स्वतःच्या यादीत असते, आणि साधा स्कॅनर पुष्कळदा तिथपर्यंत पोचतच नाही. यू०१०१ म्हणजे बाकीच्यांना मॉड्यूलचा आवाज ऐकू आला नाही. हा कोड मॉड्यूल मेल्यामुळे येतो, तसाच त्याचा वीजपुरवठा तुटल्यामुळे, अर्थिंग सैल झाल्यामुळे किंवा कपलरमध्ये (वायरिंग मॉड्यूलला जोडणाऱ्या प्लगमध्ये) घाण गेल्यामुळेही येतो. फोन लागत नाही म्हणून माणूस गेला असं कुणी ठरवत नाही. इथे मात्र सर्रास ठरवतात.

मीही ठरवू दिलं. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवून लाल ओळ दाखवली आणि मी मान डोलावली. वायरिंग तपासलं का, हे विचारायचं सुचलंच नाही. नवं मॉड्यूल यायला वेळ लागला, ते बसवलं, चासी नंबराशी जुळवून कोडिंग केलं आणि त्याच दिवशी जुनं माझ्या सहीनिशी परत गेलं. त्या सहीइतकी महाग चूक मी गाडीच्या बाबतीत दुसरी केलेली नाही.

कारण असं. पुष्कळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये प्रत्येक सोलेनॉइडचा (तेलाचा दाब सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेचा) स्वभाव थोडा वेगळा असतो. इतका करंट दिला तर इतका दाब, हे गणित कारखान्यात मोजून त्या विशिष्ट गिअरबॉक्सपुरतं मॉड्यूलमध्ये भरलेलं असतं. त्याखेरीज क्लच जसजसे झिजतात तसतसं मॉड्यूल स्वतःच त्यांच्यात तेल भरणं आणि सोडणं बदलत जातं, ती शिकलेली आकडेवारी वेगळी. नवं मॉड्यूल कोरं येतं. शिकलेली आकडेवारी चालवून पुन्हा जमते, कारखान्यातली जमत नाही. ती जुन्यातून वाचून नव्यात घालावी लागते, किंवा गिअरबॉक्सवरच्या लेबलावरून टाइप करावी लागते. माझ्या वेळी यातलं काहीच झालं नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा हिसका बसायचा की मागच्या सीटवरची पिशवी खाली पडायची. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, "गाडी शिकेल हळूहळू." दोन महिने शिकत होती बिचारी.

आणि मुख्य म्हणजे तीन आठवड्यांत मूळ दुखणं परत आलं. तेच तिसरं गिअर, तोच दिवा, नव्याकोऱ्या मॉड्यूलसकट.

पुन्हा त्याच काउंटरवर गेलो. इलेक्ट्रिकचा भाग एकदा बसवला की परत घेत नाहीत, हे तेव्हा कळलं. जुनं निदान डेटा वाचण्यापुरतं तरी मागवा म्हटलं, तर "ते पुढे गेलं, आता सापडणार नाही." अर्ज लिहून द्या म्हणाले, दिला. आठ दिवसांनी गेलो तर अर्ज दुसऱ्या टेबलावर, त्या टेबलावरचा माणूस रजेवर. मग सांगण्यात आलं की डेटा वाचणं हे "आमच्या प्रक्रियेत नाही". प्रक्रियेत काय आहे तेवढं कुणी सांगितलं नाही. असो, यावर लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

दुखणं सापडलं ते एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. त्यांनी स्कॅनर लावलाच नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढली, मॉड्यूलचा कपलर सोडवला, पांढऱ्या टिश्यूची वळी करून पिनांच्या मधे फिरवली आणि माझ्या हातात ठेवली. टोकाला लालसर डाग. वास घेतला तर गिअरबॉक्सचं तेल. मॉड्यूल गिअरबॉक्सपासून हातभर लांब आणि वर, तिथे तेल चढलं कसं? तर वायरच्या आतून. गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या प्लगची रबरी रिंग कडक होऊन गळायला लागली की तेल तांब्याच्या तारांमधून, प्लॅस्टिकच्या आवरणाखालून, दिव्याच्या वातीसारखं वर सरकतं. बाहेरून वायर कोरडी ठणठणीत. तेलाबरोबर धातूची बारीक पूड आणि मळ येतो, पिनांवर थर बसतो, आणि मॉड्यूल मधूनच मुकं होतं. तापल्यावरच असं होतं म्हणून आतला सोल्डर तडकला असेल, असं तुम्हाला सांगतील. तेही होतं, खोटं नाही. पण तापलेलं तेल पातळ होऊन जास्त सरकतं, हेही तितकंच खरं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: टिश्यूची परीक्षा झाल्याशिवाय मॉड्यूलची ऑर्डर देऊ नका. टिश्यू लाल निघाला तर आधी गिअरबॉक्सचा प्लग आणि रिंगा बदला, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, आणि महिन्याभराने पुन्हा उघडून बघा, कारण वायरमध्ये मुरलेलं तेल झिरपत राहतं. माझा तो वायरिंगचा तुकडा शेवटी बदलावाच लागला.

टिश्यू कोरडा निघाला तर अर्थिंग. कपलर लावलेला, चावी ऑन, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मॉड्यूलच्या अर्थच्या पिनेला मागच्या बाजूने. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली ठीक, त्याहून बरंच वर गेलं तर वायर कुठेतरी कुजलीय. बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम यावेत. १२० आले तर संदेशवहनाच्या दोन तारांचं एक टोक तुटलंय. पण ६० आले म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. मॉड्यूल त्या तारांच्या मधल्या फाट्यावर असेल तर त्याची तार तुटूनही ६० येतातच.

हे सगळं नीट निघालं आणि मॉड्यूल खरोखरच गेलेलं असेल, तर बदला, माझी ना नाही. फक्त जुन्यातला डेटा आधी वाचून घ्यायला सांगा आणि फाइल स्वतःजवळ ठेवा. ते वाचताच येत नसेल, तर गिअरबॉक्सवरच्या लेबलावरचा मळ पुसून त्याचा फोटो काढा. माझं लेबल वर्षानुवर्षं प्रेशरच्या पाण्याने धुतल्यामुळे उडालं होतं, मधली तीन अक्षरं टॉर्च लावूनही वाचता आली नाहीत. (इंजिनाखाली प्रेशरचं पाणी मारून घेणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.) पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर सप्लाय जोडलेला आहे ना, हे स्वतः उभं राहून बघा. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर नवं मॉड्यूलही जागच्या जागी वीट होतं, म्हणजे कायमचं निकामी. वापरलेलं मॉड्यूल घेत असाल तर ते दुसऱ्या गाडीच्या नंबराला कुलूपबंद नाही ना, हे आधी लेखी घ्या.

माझी गाडी आज चालते. थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अजून हलका हिसका देते, ती तीन अक्षरं मिळाली नाहीत म्हणून. मी रागावत नाही तिच्यावर.

सोमवारची तारीख पुढे ढकला. जुनं जमा न केल्याबद्दल अनामत जास्त मागितली तरी ते हातात ठेवा. उद्या कपलर उघडून टिश्यू फिरवा आणि फोटो इथे टाका, कपलरच्या दोन्ही बाजूंचा. आणि मॉड्यूल नक्की कुठे बसवलंय तेही लिहा, त्यावर पुढचं बोलू.