बर्डीचं कोटेशन बाजूला ठेवा: रॅम जुनीच राहू द्या, प्रोसेसर बदला, कार्ड तपासून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी रायझन ३ ३२००जी, बी४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० पट्ट्या आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) आहे. मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. ऑटोकॅड, स्केचअप, ब्लेंडर आणि अधूनमधून गेम, मॉनिटर १०८०पी. बजेट ५०,००० रुपये. नागपुरातल्या बर्डीवरच्या (सीताबर्डी) दुकानदाराने जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये घेऊन रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ ची १६ जीबीची एक पट्टी आणि 'आरटीएक्स ३०५०' असं कोटेशन दिलंय, आणि 'भैया, अगले हफ्ते रेट और बढेगा' असंही सांगितलंय.

भाव वाढेल हे तो खोटं बोलत नसेल. पण हा सौदा करू नका. मेमरीच्या सध्याच्या टंचाईत तुमच्या कॅबिनेटमधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे त्या दोन जुन्या पट्ट्या, आणि तो नेमक्या त्याच काढून घेतोय.

२०२०-२२ ची टंचाई वेगळी होती. तेव्हा ग्राफिक्स चिपच मिळत नव्हती आणि जी मिळे ती इथेरियमच्या मायनिंगला जाई. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धत सोडली आणि मायनिंगची वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. २०२५ च्या उत्तरार्धापासूनची टंचाई मेमरीची आहे. एआयच्या सर्व्हरना लागणारी एचबीएम मेमरी बनवायला तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर (चिप कापायची सिलिकॉनची चकती) खर्ची पडतो, त्यामुळे साध्या रॅमच्या वाट्याला कमी येतं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून ज्या वस्तूत मेमरी चिप जास्त, तिला झळ जास्त. रॅमची पट्टी सर्वात वर, मग जास्त व्हीरॅमची (कार्डावरच्या मेमरीची) ग्राफिक्स कार्डं. प्रोसेसरच्या पाकिटात वेगळी मेमरी चिप नसते, त्याला या कारणाची थेट झळ नाही. कोटेशनमधला ७६०० नव्या एएम५ सॉकेटचा, चांगलाच आहे, पण तो डीडीआर५ शिवाय चालत नाही, म्हणजे सगळ्यात महागलेली वस्तू विकत घ्यायला लावतो.

तुमच्या बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो: ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॅट, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी), डीडीआर४. स्केचअप आणि ऑटोकॅड बहुतांश काम एकाच कोरवर करतात आणि तिथेच ३२००जी दमतो, त्यामुळे फरक पहिल्याच दिवशी दिसेल. शिवाय ३२००जी कार्डाला पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याच्या) फक्त ८ लेन देतो, ५६०० पूर्ण १६ देतो. ३२००जीचं अंगचं ग्राफिक्स रॅममधून जो वाटा उचलतं, तोही परत मिळेल.

नावात मात्र फसू नका. '५६०० नाही, ५५०० घ्या, एकच आहे' असं हमखास ऐकवलं जातं. ५५०० मध्ये कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई ३.०. ५६००जीचंही तसंच, त्यात ग्राफिक्स आहे, पण तुम्ही कार्ड घेणारच असाल तर त्याचे पैसे देऊ नका. ५७०० आणि ५७००एक्स हेही जुळे नव्हेत: एक्स नसलेल्यात पुन्हा १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. तुमचा बोर्ड मुळातच ३.० चा, त्यामुळे तो मुद्दा तुम्हाला लागू नाही. कॅशचा मात्र पुरेपूर आहे. ५६०० नसेल तर ५६००एक्स घ्या. ५७००एक्स चालेल, पण त्याच्या डब्यात कूलर येत नाही. ट्रे प्रोसेसर (डब्याविना सुटा) स्वस्त पडतो, पण त्यावर कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी नसते, जे काही आहे ते दुकानदाराच्या शब्दावर. मी डब्यातलाच घेईन.

आता क्रम. इथेच लोक अडकतात. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, म्हणून कार्ड हातात आल्याशिवाय प्रोसेसर बदलू नका. आधी बोर्डाचं पूर्ण नाव बघा (बी४५०एमच्या मागे काय लिहिलंय ते सगळं), कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टच्या यादीत ५६०० समोर बायोसची (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरची) कोणती आवृत्ती दिलीय ते पाहा. ती किंवा तिच्या पुढची आवृत्ती एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि ३२००जी बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. काही बोर्डांना मध्ये एक आवृत्ती टाकून मगच पुढची घेता येते, ते त्याच पानावर लिहिलेलं असतं. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मरू शकतो. मशीन यूपीएसवर लावा, आणि आभाळ भरून आलेल्या संध्याकाळी हा उद्योग करू नका. घरचा साधा इन्व्हर्टर यूपीएसच्या जागी चालेलच असं नाही. बदल होताना जो क्षणभराचा झटका असतो तेवढाही पुरतो.

त्याआधी एक काम: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का पाहा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर बोर्ड एफटीपीएम (त्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) रीसेट करायचं का, असं विचारतो. वाय दाबल्यावर जुन्या किल्ल्या जातात आणि विंडोज ती रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या ड्रॉइंगवर पाणी.

कूलर काढताना मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा, स्क्रू सैल करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, आणि सुटल्यावरच उचला. एएम४ मध्ये (तुमच्या बोर्डाचं सॉकेट) पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. सुकलेली पेस्ट प्रोसेसरला धरून ठेवते, आणि सरळ वर ओढलं तर लॉक असूनही तो सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. नवीन बसवताना कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवा. प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, दाबायचा नाही. पेस्ट वाटाण्याएवढी. चालू केल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे. 'डिस्प्ले येत नाही' म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची केबल जुन्या जागीच असते. शेवटी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० च्या पट्ट्या कमी वेगावर चालत राहतील.

कार्डाबद्दल जरा सविस्तर, कारण पैसा तिथे जाणार. कोटेशनवर नुसतं 'आरटीएक्स ३०५०' लिहिलंय. ८ जीबीचं ३०५० म्हणजे १२८ बिट (मेमरीच्या रस्त्याची रुंदी), २५६० कोर, १३० वॅट. ६ जीबीचं म्हणजे ९६ बिट, २३०४ कोर, ७० वॅट. नाव एक, माल दोन. कोटेशनवर जीबी लिहिलेले नसतील तर ते कोटेशन नाही. दोन्हींपैकी एकही तुमच्या कामाला मी सुचवणार नाही.

ब्लेंडरच्या सायकल्ससाठी (दृश्य रेंडर करणारं इंजिन) एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (ते काम कार्डावर वेगाने करणारं तंत्र) आजही सर्वात कमी कटकटीचं आहे, आणि रेंडरिंगला वेगाइतकीच व्हीरॅम महत्त्वाची. झाडं, फर्निचर, मोठी टेक्श्चर असलेलं दृश्य व्हीरॅममध्ये मावलं नाही तर रेंडर एक तर थांबतं किंवा रांगतं. त्यामुळे तुमच्यासाठी पहिली पसंती आरटीएक्स ३०६० १२ जीबी: १९२ बिट, १७० वॅट, १६ लेन. या लेन तुमच्या बोर्डावर कामाच्या आहेत. पीसीआयई ३.० ची एक लेन सेकंदाला जेमतेम १ जीबी वाहते. आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि ५०६० टीआय ही ८ लेनची कार्डं आहेत, म्हणजे तुमच्याकडे ८ जीबी प्रति सेकंद. व्हीरॅम पुरेशी असेल तोवर फरक किरकोळ, पण ८ जीबी भरले की कार्ड रॅमकडे धाव घेतं आणि अरुंद रस्ता तेव्हाच नडतो. आरएक्स ६५०० एक्सटी तर ४ लेन आणि ४ जीबीचं, वर व्हिडिओ एन्कोडर नाही. ते तुमच्या बोर्डावर नकोच. नुसते गेमच असते तर आरएक्स ६६०० सांगितलं असतं, १३२ वॅटमध्ये चोख काम करतं. इंटेल आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहेत, पण त्याला रीसायझेबल बार (बायोसमध्ये चालू करायची सोय) लागतो आणि ५६०० च्या वर्गातल्या प्रोसेसरवर काही गेममध्ये तो मार खातो.

३०६० चंही ८ जीबीचं भावंड आहे, १२८ बिटचं. डब्यावर १२ वाचा. नवीन ५०६० टीआय १६ जीबी बजेटमध्ये बसलं तर जरूर घ्या, पण १६ जीबीच्या कार्डांत मेमरी चिप जास्त, म्हणून मोदी नंबर २ च्या गल्लीत आज एक भाव आणि परवा दुसरा मिळाला तर नवल नाही.

३०६० फेब्रुवारी २०२१ चं कार्ड आहे, म्हणजे बहुधा वापरलेलंच हाती येईल. मायनिंगला वापरलेलं म्हणून लगेच नाकारू नका. सतत एकाच तापमानावर चाललेली चिप बऱ्याचदा ठीक असते, झिजतात ते पंखे आणि थर्मल पॅड. विकणाऱ्याच्या मशीनवर चालू करून बघा. जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) ३५८४ शेडर, १९२ बिट, १२,२८८ एमबी दिसले पाहिजेत. बायोस बदलून नाव बदललेल्या कार्डापुढे हे सॉफ्टवेअर 'फेक' असं लिहून दाखवतं. बस इंटरफेसच्या शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून रेंडर टेस्ट लावा. मोकळं असताना तिथे १.१ दिसतं, भार आला की खरा वेग आणि लेन दिसतात. १६ ऐवजी ८ किंवा ४ लेन आल्या तर कार्डाचे सोनेरी पट्टे पुसून पुन्हा लावा, तरी तेच असेल तर उठा. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) पंधरा मिनिटं आणि ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी. त्यात एकही चूक चालत नाही. जीपीयू तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वात तापलेला बिंदू) यांत २५-३० अंशांहून जास्त अंतर असेल तर पेस्ट गेलीय. तो दोष दुरुस्त होतो, पण भाव पाडायला उपयोगी. सगळ्या पोर्टांना केबल लावून पाहा. पंखा हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग संपलंय. चिपच्या भोवती चिकट फ्लक्सचा (सोल्डरिंगला लावतात त्या पदार्थाचा) डाग किंवा पिवळटलेला बोर्ड दिसला तर ते कार्ड कुणीतरी भाजून 'जिवंत' केलेलं असू शकतं. ते घेऊ नका. वॉरंटी संपलेल्या कार्डाला नव्याच्या साठ टक्क्यांहून जास्त द्यायचे नाहीत, टंचाई असो वा नसो.

नवीन घेताना पक्कं बिलच. दुकानदार 'जीएसटी सोडतो' म्हणेल. १८ टक्के जीएसटीसकट २०,००० च्या वस्तूत सुमारे ३,०५० रुपये कर असतो, मोह होतोच. पण कार्डावरचा, डब्यावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच असेल तरच वॉरंटी अडत नाही. कार्ड बिघडलं तर नागपुरात कुठे जमा करायचं हे पैसे देण्याआधी विचारा. इथे केंद्र नसेल तर कुरिअर आणि वाटेतली मोडतोड तुमच्या गळ्यात. 'कार्ड हवं तर सोबत एसएमपीएसही घ्यावा लागेल' असं बांधून देणाऱ्याकडून उठून पुढच्या दुकानात जा.

एसएमपीएसचं म्हणाल तर ३०६० ला एनव्हिडिया ५५० वॅट सुचवते. प्रत्यक्षात ५६००, ३०६० आणि बाकीचं मिळून ३०० वॅटच्या आसपास जातं, म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर. चांगल्या ४५० वॅटच्या युनिटवर १२ व्होल्टला ३५-३६ अँपिअर लिहिलेले असतात, ते चालेल. काही 'चारशे-पन्नास' वाल्यांवर १८ अँपिअर असतात, म्हणजे खरे २१६ वॅट. तसं निघालं तर कार्डाआधी तो बदला. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून) ८ पिन करणारी जोडवायर लावू नका, ती वितळू शकते.

नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) खोली ४० वर गेली की २५ अंशांच्या खोलीत ६८ वर चालणारं कार्ड ८३ च्या घरात जातं आणि तिथून वेग कमी करू लागतं. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ८० टक्के ठेवा: १७० चे १३६ वॅट होतात, वेगात थोडकाच फरक पडतो. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, सोबतच्या कूलरवर तो ब्लेंडरमध्ये मे महिन्यात तिथे पोचू शकतो. १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घ्या, किंवा तोवर इको मोडमध्ये ४५ वॅटवर चालवा. खिडकीतल्या कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नका. त्याच्याबरोबर पाण्याचे तुषार आणि क्षार येतात, धूळ त्यावर लेपासारखी बसते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

१६ जीबी रॅम सध्या पुरेल. पुढे वाढवायची झाली तर तशाच ८ जीबीच्या दोन वापरलेल्या पट्ट्या बघा, बोर्डाला चार स्लॉट असतील तर. चार पट्ट्यांवर ३२०० टिकेलच असं नाही, कधी २९३३ किंवा २६६६ वर आणावं लागतं. मेमटेस्ट८६ रात्रभर लावून खात्री करा. ३२००जी विकू नका, कार्ड वॉरंटीला गेलं तर त्यावरच मुलीचं काम चालेल.

बोर्डाचं पूर्ण नाव आणि एसएमपीएसच्या लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर इथे टाका, म्हणजे बायोसची नेमकी आवृत्ती आणि हे युनिट ठेवायचं की नाही ते सांगता येईल.