मायक्रोमॅक्स गेला कुठे आणि नंबर वन नेमका कोण?

प्रश्न: आमच्या घरात 2013 च्या दिवाळीला मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास आला होता. तेव्हा कॉलेजात निम्म्या पोरांकडे मायक्रोमॅक्स, नाहीतर कार्बन, लावा, इंटेक्स असायचे. आता लावा सोडला तर दुकानात यातलं काहीच दिसत नाही. एवढी मोठी कंपनी दोन-तीन वर्षांत कशी काय बसली? चिनी फोन स्वस्त होते म्हणून का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: स्वस्ताईचं कारण सगळेच सांगतात, पण मायक्रोमॅक्स पण स्वस्तच होता की. आणि तो काय किरकोळ नव्हता, 2014 च्या शेवटच्या तिमाहीत कॅनॅलिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांत त्यानं भारतातल्या स्मार्टफोनच्या बाजारात सॅमसंगला मागे टाकलं होतं, हिस्सा 22 टक्के विरुद्ध 20 टक्के. सॅमसंगला तो आकडा मान्य नव्हता ती गोष्ट वेगळी, पण ह्यू जॅकमनसारखा हॉलिवूडचा हिरो जाहिरातीत आणणारी गुडगावची कंपनी असा तिचा थाट होता.

या कंपनीची ताकद होती माणसांना काय पाहिजे ते ओळखण्यात. 2008 साली त्यांनी महिनाभर चार्जिंग टिकणारा साधा फोन काढला, कारण खेड्यात लाईटच नसायची. ड्युअल सिम, मोठी स्क्रीन हे त्यांनी परवडणाऱ्या किमतीत आणलं. पण फोनचं डिझाईन आणि आतली बांधणी बरीचशी चीनमधल्या कंपन्यांची, त्यावर नाव आपलं आणि गावोगाव पोचवायला डिस्ट्रिब्युटर आपले. जोपर्यंत चिनी ब्रँड स्वतः इथं विकत नव्हते तोपर्यंत हे मस्त चाललं. जुलै 2014 मध्ये शाओमी आली, आणि फ्लिपकार्टवर सेल लागला की पोरं मोबाईल, कॉम्प्युटर सगळं उघडून बसायची. सप्टेंबरमध्ये 5,999 चा रेडमी वन एस आला, त्याचे 40 हजार फोन 4.2 सेकंदांत संपले असं कंपनीनंच जाहीर केलं होतं. ना डिस्ट्रिब्युटर, ना दुकानदाराचं मार्जिन, ना टीव्हीवर मोठी जाहिरात, तो सगळा पैसा वाचला आणि त्याच किमतीत जास्त चांगला फोन देता आला.

तरीही माझ्या मते खरा घाव बसला तो 4जीनं. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि त्यात जुनं 2जी-3जी काही नव्हतंच, कॉलसुद्धा 4जीवरूनच. त्या दिवसांत मोबाईलच्या कुठल्याही काउंटरला गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच, "यात जिओ चालतं का?" आणि आपल्या कंपन्यांचा 3जीचा माल अजून गोडाऊनला आणि दुकानदारांकडे पडून होता. फोनची ऑर्डर काही महिने आधी द्यावी लागते, आज बाजार बदलला म्हणून उद्या दुसरा फोन येत नाही, त्यामुळं शेअर, म्हणजे बाजारातला हिस्सा, काउंटरवर घसरताना आपल्याला दिसतो पण तो गेलेला असतो आधीच, ऑर्डर देताना. मागाहून 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, पाच-सात हजाराचा फोन रोख घेणारं गिऱ्हाईक थांबलं आणि ते तर यांचंच गिऱ्हाईक होतं.

त्याच काळात ओप्पो-विवोनं तर उलटाच मार्ग धरला, ऑनलाईन सोडून दुकानं पकडली. आठवत असेल, एसटी स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानांवर बघता बघता हिरवे-निळे बोर्ड आले, आत कंपनीचा टी-शर्ट घातलेला पोरगा उभा, तुम्ही दुसरा फोन मागितला तरी तो सेल्फी काढून दाखवायचा. दुकानदाराला मार्जिन चांगलं, बोर्ड कंपनीच्या खर्चानं, आणि टीव्हीवर 2016 पासून आयपीएलच विवोची. एवढा पैसा ओतायची ऐपत मायक्रोमॅक्सची नव्हती. नोव्हेंबर 2020 मध्ये 'इन' नावानं ते परत आले, मलाही मनापासून वाटलं होतं की चालावं, पण बोर्ड आणि शेल्फ तोवर दुसऱ्यांचे झालेले होते.

प्रश्न: एका बातमीत विवो एक नंबर, दुसरीत सॅमसंग, तिसरीत ॲपल. खोटं कोण बोलतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: बहुतेक वेळा कोणीच नाही, प्रत्येकजण वेगळंच मोजतोय. पहिलं बघायचं की बातमी भारताची आहे का जगाची. भारतात साधारण 2018 ते 2022 शाओमी पुढे होती, 2023 ला सॅमसंग, 2024 ला विवो. जगात 2011 पासून सॅमसंगच पहिला होता, 2023 मध्ये आयडीसी या कॅनॅलिससारख्याच संस्थेच्या मोजणीत ॲपलनं त्याला मागे टाकलं, 23.46 कोटी फोन विरुद्ध 22.66 कोटी.

दुसरं, नग मोजलेत का रुपये. भारतात नगात विवो पुढे असतो पण पैशात मोजलं की ॲपल वर येतो, कारण एका आयफोनच्या किमतीत चार-पाच साधे फोन येतात.

आणि तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही, यातले बरेच आकडे शिपमेंटचे असतात म्हणजे कंपनीनं डिस्ट्रिब्युटरकडे आणि दुकानांकडे पाठवलेला माल, तुम्ही-आम्ही विकत घेतलेला नाही. दिवाळीच्या आधी सगळे ब्रँड दुकानं भरतात, त्या तिमाहीत शेअर वाढलेला दिसतो, आणि माल खपला नाही तर पुढच्या तिमाहीत तोच ब्रँड घसरलेला दिसतो. म्हणून एका तिमाहीची हेडलाईन बघून काही ठरवू नका, वर्षाचा आकडा बघा.

प्रश्न: ज्या कंपनीचा शेअर घसरतोय तिचा फोन घेतला तर अडकायला होईल का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: नुसता शेअर घसरला म्हणून नाही. एलजीनं एप्रिल 2021 मध्ये फोनचा धंदा बंद करतोय म्हणून जाहीर केलं, तरी महागड्या मॉडेलना अपडेट देऊ असं सांगितलं होतं. अडचण होते ती स्क्रीन फुटली किंवा बॅटरी गेली की, पार्ट मिळत नाही. म्हणून घ्यायच्या आधी कंपनीच्या साईटवर जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं आहे बघा, तिथं फोन करून तुमच्या मॉडेलची स्क्रीन आणि बॅटरी मिळते का आणि केवढ्याला ते विचारा, आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं देणार ते बॉक्सवर किंवा साईटवर वाचा. सर्व्हिस सेंटर थेट कोल्हापूरला किंवा पणजीला असेल तर जाण्या-येण्याचा खर्च पण किमतीत धरा.